कुरेवाल्यांचा थांबा

तम्मेला,
३ एप्रिल २०२३

पिरेत,

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, आणि तुझा तो समजावणीचा सूर कानावर पडला की माझं डोकं आणखीच फिरतं. कागदावर मला कुणी तोडू शकत नाही. तुलाही काही सांगायचं असेल तर लिहून सांग, म्हणजे पुढं ‘मी तसं म्हणालेच नव्हते’ असं म्हणायची सोय राहणार नाही.

काल सकाळी कोंबड्यांना दाणे टाकत होते, तर आपली वाट मोठ्या रस्त्याला मिळते त्या वळणावर एक मोटार थांबलेली दिसली. मोजणीवाले दोघे उतरले आणि आपल्या पाइनला नारिंगी रंगाचा पट्टा मारून मोकळे झाले. मी तशीच रबरी बुटांत धावत गेले. ‘‘हे काय चाललंय?’’ तर एक जण म्हणतो, ‘‘आजी, हे झाड जाणार. इथं ट्रकचा थांबा होणार आहे.’’ मी म्हटलं, ‘‘कुणी सांगितलं तुला?’’ म्हणाला, ‘‘नकाशात तसंच आहे.’’ वर मलाच विचारतो, ‘‘तुम्ही अजून इथं राहता?’’

हो, अजून राहते. मेच्या मध्यापर्यंत राहायची मुभा तूच मिळवून दिलीस ना?

जानेवारीत माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझा सफरचंदाचा केक खाऊन तू काय म्हणाली होतीस ते आठवतंय? मी तर विसरलेले नाही. तू म्हणालीस, आत्या, लष्करी सरावाचं मैदान वाढवायचंय, मित्रदेशांचे सैनिक कायमचे येणार आहेत, त्यात आपलं ‘कुरे’ हे शेत आणि घर जातंय. मी भांडले का? शेजारच्या कांग्रू शेतावरचा काल्यु कोर्टात गेला, गावात सभा झाल्या, पोरींनी फलक रंगवले. मी कुठं गेले नाही. चहाचा कप बाजूला सारला आणि सही केली.

का केली तेही ऐक. माझे बाबा, म्हणजे तुझे आजोबा, चार हिवाळे जंगलात जमिनीखालच्या खड्ड्यात राहिले, ते पांढऱ्या जहाजाची वाट बघत. पश्चिमेकडून जहाज येईल, आपली माणसं उतरतील, रशियन जातील. सगळा गाव तेच बोलायचा. जहाज काही आलं नाही, बाबांना मात्र गोळी घातली. आपण नाटोत गेलो त्या दिवशी मी अंगणात झेंडा लावला आणि दिवसभर रडत भांडी घासली. साठ वर्षं उशिरा का होईना, आलं म्हटलं जहाज. आता त्याला उतरायला नेमकं माझंच अंगण लागलं, तरी मी म्हटलं, या.

बदल्यात मागितलं काय? एक झाड. आणि तू म्हणालीस, ‘‘आत्या, झाडाला बोट लागणार नाही, मी लेखी घालते.’’

तुझं ते लेखी कुठंय?

हेल्यु आत्या

*

तालिन,
९ एप्रिल २०२३

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं. चूक झाली, घरी उघडायला हवं होतं.

पट्टा चुकून मारला गेला असणार. मी शोध घेते. तोपर्यंत त्या मोजणीवाल्यांच्या अंगावर जाऊ नकोस, ती हुकमाची माणसं आहेत.

पण तू लिहिलंस म्हणून मीही लिहिते. मी काय इथं राजधानीत तालिनला कॉफी पीत खिडकीतून समुद्र बघत बसलेय असं वाटतं का तुला? गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिकडं युक्रेनमध्ये बॉम्ब पडायला लागले, तेव्हापासून मी धड झोपलेली नाही. टेबलाच्या एका बाजूला आपले लोक, दुसऱ्या बाजूला लाटव्हियावाले, लिथुआनियावाले, डॅनिश, इंग्रज, आणि मध्ये मी. आपलं म्हणणं त्यांच्या भाषेत, त्यांचं आपल्या भाषेत. एकेका शब्दावरून तास जातो. लाटव्हियाच्या मैदानावर रणगाडे किती, आपल्याकडं किती, पूल कुणाचा किती वजन पेलतो. आपण तिन्ही देश मिळूनसुद्धा किती लहान आहोत ते मी रोज आकड्यांत ऐकते. तुझ्या स्वयंपाकघरापासून रशियाची सीमा किती लांब आहे? सायकलवर जाशील तू.

एकटं राहिलं की काय होतं ते आजोबांच्या बाबतीत आपण बघितलंय. तेव्हा मी तुझ्याविरुद्ध आहे अशा थाटात मला पत्र लिहू नकोस. मला ते लागतं.

पिरेत

*

तम्मेला,
१७ एप्रिल २०२३

पिरेत,

तुला लागतं? मग आता नीट बस आणि वाच.

मी पंचायतीच्या ऑफिसात गेले होते. एस्टर आहे तिथं, आपल्या गिरणीवाल्यांची सून. बिचारीनं कॉम्प्युटरवर तुमचा नकाशा उघडून दाखवला. आपल्या वळणावर एक चौकोन आहे आणि त्यात लिहिलंय: ‘पारंपरिक थांबा’. तिथं मोठं मोकळं मैदान करायचं, ट्रक उभे करायचे, आणि बाजूला दोन संडास.

मी म्हटलं, ‘‘हे कुठल्या गाढवानं लिहिलं?’’ तर एस्टरनं खालची टीप दाखवली. मूळ माहिती कुणी दिली त्याचं नाव तिथं असतं म्हणे. तुझं नाव होतं, पिरेत. पूर्ण नाव, आडनावासकट.

म्हणजे ‘चुकून मारला गेला असणार’, ‘शोध घेते’ हे सगळं लिहिताना तुला माहीत होतं. आणि मी सबंध पंचायतीसमोर माझ्याच भाचीला गाढव म्हणून आले.

तालिनला राहून तू विसरलीस की काय, म्हणून सांगते. तुझ्या साहेबांनाही सांग, शब्दन्‌शब्द. आमच्याकडं माणूस गेलं की शवपेटी घरातून निघते आणि वळणावरच्या पाइनपाशी थांबते. घरातला माणूस सालीवर सुरी चालवून खोडावर क्रूस कोरतो. सगळे एकेक घोट दारू घेतात, मेलेल्याच्या वाटची मुळाशी ओततात, आणि मग पुढं कबरस्तानाकडं. क्रूस कशासाठी? मेलेल्याला घरची ओढ असते, तो रात्री परत फिरतो. चालत चालत झाडापाशी येतो, आपला क्रूस बघतो, त्याला आठवतं की आपण मेलोय, आणि तो तिथंच थांबतो. घरी येत नाही. घरच्यांना त्रास देत नाही.

त्या झाडावर आजी-पणजी आहेत. तुझे आतोबा, माझा एंडेल आहे. बाबांचं तर प्रेतही दिलं नव्हतं. आईनं शवपेटी नसताना, दारू नसताना, दिवसाढवळ्या एकटीनं जाऊन त्यांचा क्रूस कोरला. मी तिचं बोट धरून उभी होते. गावातल्या बायका म्हणाल्या, हे रीतीत बसत नाही. आई म्हणाली, गोळी तरी कुठं रीतीत बसत होती?

आता तुम्ही झाड पाडणार. मग ते सगळे थांबणार कुठं? सरळ घरी येतील. आणि घरी कोण? तुझी मित्रसैन्याची पोरं. एंडेलला झोपेत मोठ्यानं बोलायची सवय होती, तो त्यांच्या उशाशी बसून सबंध रात्र रशियनांना शिव्या घालील. बघ मग कसा सराव होतो ते.

थट्टा करतेय असं समजू नकोस. मला खरंच राग आलाय. घर दिलं, शेत दिलं, धुरावर तापणारी वाफेची न्हाणी दिली, जिच्यात तुझा बाप आणि मी जन्मलो. एक झाड मागितलं, तर त्याचा संडास केलात.

हेल्यु

*

तालिन,
२१ एप्रिल २०२३

आत्या,

हो, माझं नाव आहे. पहिलं पत्र लिहिताना मला शंका होती, खात्री नव्हती. आता आहे. कसं झालं ते सांगते, मग काय म्हणायचं ते म्हण.

फेब्रुवारीच्या बैठकीत मी तुझ्या झाडाचा विषय काढला. शब्द पाळायचा म्हणून काढला, अजेंड्यावर नव्हता. डॅनिश मेजर समोर होता, चांगला माणूस आहे. त्यानं विचारलं, ‘‘तिथं थडगं आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मृत कुठं आहेत?’’

‘‘कबरस्तानात.’’

‘‘मग झाडात काय आहे?’’

आता हे इंग्रजीत सांग बघू तू, एका ओळीत, पंधरा माणसं घड्याळाकडं बघत असताना! आपले तालिनचे साहेबच हसायला लागले, त्यांनाही दक्षिणेकडच्या या चालीरीती ठाऊक नाहीत. मी टिपणात लिहिलं: ‘अंत्ययात्रा थांबण्याची पारंपरिक जागा, जपावी.’ यात काय चुकलं माझं? पुढच्या टेबलावर कुणीतरी जागा वाचवायला ‘अंत्ययात्रा’ गाळलं. त्याच्या पुढच्यानं ‘जपावी’ गाळलं, कारण जपायच्या गोष्टींचा रकाना वेगळा असतो. उरलं काय, तर थांबण्याची पारंपरिक जागा. मग रस्तेवाला आला, त्याला वाटलं, वा, इथं गाड्या पूर्वीपासून थांबतातच.

मी रोज दोन फौजांना एकमेकांचं बोलणं समजावून देते. माझ्या शब्दांवर रणगाडे चालतात. आणि माझ्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट मला सांगता आली नाही. तुझ्यापेक्षा मला माझाच जास्त राग आलाय, तेव्हा तू आणखी ओतू नकोस.

आता कामाचं. झाड वाचू शकतं. क्रुसाच्या झाडांना कायद्यानं संरक्षण आहे, नकाशा बदलावाच लागेल. अट एकच, क्रूस दिसला पाहिजे. मी गेल्या आठवड्यात माणूस पाठवला होता, तो चहूबाजूंनी फोटो काढून आला. त्याला एकही क्रूस दिसला नाही. आतोबांचा शेवटचा, एक्याण्णवचा, त्याच्यावरसुद्धा साल चढलीय. तुला दिसतात, मला दिसतात, कारण कुठं बघायचं ते आपल्याला माहीत आहे. फोटोत नुसते व्रण आहेत.

१५ मेपर्यंत एका स्पष्ट क्रुसाचा फोटो एस्टरकडून पाठव. काल्युला सांग, आतोबांचा क्रूस सुरीनं थोडा मोकळा कर म्हणावं. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि मला काही वाटत नाही असं लिहू नकोस. बाबांना आईनं इथं तालिनला पुरलं. कुरेचं माझं जे काही उरलंय ते त्या झाडापाशीच आहे.

पिरेत

*

तम्मेला,
२८ एप्रिल २०२३

पिरेत,

‘थोडा मोकळा कर.’ वा गं वा!

बंद झालेला क्रूस म्हणजे माणूस निवांत झाला. त्याच्यावर पुन्हा सुरी चालवायची म्हणजे झोपलेल्याचं पांघरूण ओढायचं. एंडेलला मी जिवंतपणी पुष्कळ उठवलं, आता उठवणार नाही. तुझ्या फोटोसाठी तर नाहीच नाही.

नवा क्रूस कोरायचा तर कुणी मरायला हवं. गावात या वर्षी कुणी मेलेलं नाही, सगळे भांडायला जिवंत राहिलेत. काल्युला विचारलं, ‘‘मरतोस का रे? झाड वाचेल.’’ म्हणाला, ‘‘कोर्टाचा निकाल लागेपर्यंत मला सवड नाही.’’

तुझी चूक कशी झाली ते कळलं. कळलं म्हणून राग कमी झाला नाही. तीन टेबलांवर तीन शिकलेली माणसं, आणि एकालाही खुर्चीवरून उठून, गाडीत बसून, इथं येऊन बघावंसं वाटलं नाही. बाबांच्या वेळीही असंच झालं असेल. दूर कुठल्या तरी टेबलावर मोठ्या देशांची माणसं बसली असतील, आणि कुणीतरी जागा वाचवायला आपलं नाव गाळलं असेल.

पंधरा तारखेच्या आत बघते काय करायचं ते.

हेल्यु

*

तालिन,
१६ मे २०२३

प्रिय आत्या,

फोटो मिळाला! झाड वाचलं. आज सकाळी नकाशातून चौकोन पुसला, माझ्यासमोर पुसला, मी खुर्चीच्या मागं उभी राहून बघत होते. थांबा दीड किलोमीटर पुढं, वाळूच्या खाणीपाशी गेला.

पण आत्या, तो क्रूस ताजा आहे. केवढा खोल, आणि चीक अजून ओघळतोय. कोण गेलं? काल्यु गेला का? मी इथं तुझ्याशी भांडत बसले आणि तुझा शेजारी गेला, आणि तू मला एका ओळीनंही कळवलं नाहीस? एस्टरला विचारलं तर म्हणते, ‘‘तुमच्या आत्यालाच विचारा,’’ आणि फोन ठेवते. तुझा फोन लागत नाही. तू व्होरूच्या नव्या फ्लॅटवर पोचलीस एवढं सामानवाल्यांकडून कळलं.

काल्युची मला फार आठवण येतेय. लहानपणी त्यानंच मला ट्रॅक्टरवर बसवलं होतं. त्याच्या मुलीला पत्र लिहिते आहे. माणूस जाता जाता एक झाड वाचवून गेला, यावर रडावं की काय ते कळत नाही.

डॅनिश मेजर स्वतः झाड बघून आला. म्हणाला, टोपी काढून उभा राहिलो, पुढं काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. मी म्हटलं, एवढं पुरे.

लिही लवकर.

पिरेत

*

व्होरू,
२४ मे २०२३

पिरेत,

काल्युच्या मुलीला पत्र गेलं असेल तर आधी फोन करून माफी माग. काल्युला काही धाड भरलेली नाही. परवाच आला होता, माझ्या नव्या बाल्कनीत बसून धूर सोडत तुझ्या सरकारला शिव्या घालत होता.

क्रूस माझा आहे.

ओरडू नकोस, पुढं वाच. बारा तारखेला सामानाची गाडी आली. सगळं भरलं. कोंबड्या काल्युकडं गेल्या. मी चुलीतली राख काढली, जमीन पुसली, कारण ती पोरं कुणाच्या का आईची असेनात, घाणेरडं घर त्यांना द्यायचं नव्हतं. मग ड्रायव्हरच्या शेजारी बसले. वळणावर आल्यावर म्हटलं, थांबव. एंडेलची सुरी पिशवीत होती. खाली उतरले आणि कोरायला लागले. पाइनची साल किती जाड असते ते हातात सुरी घेतल्याशिवाय कळत नाही.

काल्यु निरोपाला मागून सायकलवर येत होता. त्यानं बघितलं आणि सायकल फेकून धावला. ‘‘अगं कुरे हेल्यु, डोकं फिरलं का तुझं? जिवंत माणसाचा कोरतात का कधी?’’

मी म्हटलं, ‘‘मग तुझा कोरू?’’

‘‘मरशील बये!’’

‘‘मरेनच की. लवकर का उशिरा, एवढाच प्रश्न आहे. आणि कुरेतून तर मी आजच निघाले ना? शवपेटीत नाही तर टेंपोत.’’

मग त्यानं खिशातली बाटली काढली. एक घोट त्यानं घेतला, एक मी. माझ्या वाटची मुळाशी ओतायची तेव्हा त्याचा हात अडला. म्हणाला, ‘‘ही कशी ओतू, तू तर समोर उभी आहेस.’’ मीच ओतली. ड्रायव्हर लांब जाऊन उभा होता, त्याला वाटलं म्हातारीला उलटी होतेय.

गाडीत बसताना लक्षात आलं, चष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिला. काल्यु म्हणाला, ‘‘जा, घेऊन ये, दोन मिनिटं लागतील.’’ घर तिथून दिसत होतं गं. धुराडंही दिसत होतं. दोन पावलं टाकलीसुद्धा मी. मग क्रूस बघितला. चीक यायला लागला होता. माझी मी तिथंच थांबले. क्रूस कोरलेलं माणूस मागं फिरत नाही, फिरलं तर मग कोरला कशाला? काल्यु आणायला निघाला, त्यालाही नको म्हटलं. आता नवा चष्मा येईपर्यंत अक्षर असंच मोठं येणार.

गावातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. एस्टर बोलते, पण माझ्या सावलीत पाय पडू देत नाही. इथं तिसऱ्या मजल्यावर नळाला गरम पाणी येतं, खाली दुकान आहे, आणि दुकानातला काळा पाव गोड लागतो. येशील तेव्हा चांगला आण.

झाड वाचलं म्हणून आता आत्याचा राग गेला असेल, असं मनात आणू नकोस. राग आहे. तुमच्या त्या मित्रांवर नाही, ते बिचारे आले तरी. टोपी काढणारा तो मेजर मला आवडला, त्याला सांग, पुढं काही करायचं नसतं, उभं राहायचं असतं. राग याचा आहे की स्वतःच्याच देशात मेलेल्यांसाठी एक झाड मागायला जिवंत माणसाला मरून दाखवावं लागलं. तेही फोटोत नीट दिसेल असं.

तू भाषांतर करणारी आहेस, तर हे एवढं बरोबर लिहून ठेव, आणि या वेळी कुणाला एक शब्द गाळू देऊ नकोस. मी मरेन तेव्हा मला व्होरूहून आपल्या कबरस्तानात न्याल. रस्ता त्या वळणावरूनच जातो. तुला वाटेल, रीत आहे, गाडी उभी करावी. काल्यु असला तर तोही बाटली काढायला बघेल. उभी करू नका. माझं ते सगळं झालंय, माझ्या पायांवर उभी राहून झालंय.

गाडीवाल्याला आधीच सांगून ठेव, तिथं थांबा नाही.

तुझी,
हेल्यु आत्या